रेडिसमधील नोंदींना एकमेव ओळखक्रमांक देण्याची पद्धत: केळीच्या वजनपावतीच्या उदाहरणासह

रावेर आणि यावल तालुक्यांत कापणीला जोर चढतो तेव्हा एकाच केळी खरेदीदाराची वजने सावदा, फैजपूर, निंभोरा आणि रावेर अशा चार काट्यांवर एकाच वेळी चालू असू शकतात. प्रत्येक वजनाची एक छापील पावती शेतकऱ्याच्या हातात जाते आणि तीच नोंद संगणकातही राहते. या कामासाठी प्रोग्रॅम लिहिताना चालू दिवसाच्या नोंदी रेडिसमध्ये, म्हणजे सगळा डेटा मेमरीत धरणाऱ्या साठ्यात, ठेवल्या तर चारही काट्यांना वेगाने वाचता-लिहिता येते. मात्र रेडिसमध्ये टेबल नसते, त्यामुळे डेटाबेसमधला आपोआप वाढणारा क्रमांकाचा रकानाही नसतो. इथे प्रत्येक ऑब्जेक्ट, म्हणजे आपली एकेक नोंद, एका किल्लीखाली, म्हणजे नावाखाली, राहतो आणि ती किल्ली एकमेव असण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २००९ मध्ये रेडिस प्रसिद्ध केले. मार्च २०२४ मध्ये त्याचा परवाना बदलल्यावर लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅल्की ही शाखा निघाली. खाली वापरलेल्या आज्ञा दोन्हींत सारख्याच चालतात, त्यामुळे तुमच्याकडे यांपैकी काय बसवले आहे याने फरक पडत नाही.

दोन काट्यांना एकाच क्षणी एकच क्रमांक मिळू नये, ही काळजी या विषयात सगळ्यांनाच असते आणि तिचा बंदोबस्त एका आज्ञेत होतो. साठा बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर मोजणी मागे गेलेली असणे ही त्याहून फार मोठी अडचण आहे, आणि या लेखाचा बराचसा भाग तिच्यासाठी खर्च केला आहे.

आधी काय ठरवावे

कोड लिहिण्यापूर्वी काही गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात. क्रमांक एकमेव हवा हे तर झालेच, पण तो चढत्या क्रमाने हवा का? तो साठ्याच्या बाहेर, म्हणजे कागदावर, एसएमएसमध्ये किंवा दुसऱ्या डेटाबेसमध्ये जाणार आहे का? बाहेरच्या माणसाला पुढचा क्रमांक ओळखता आला तर बिघडते का? माणसे तो फोनवर सांगणार आहेत का? आणि काट्यावरचे इंटरनेट गेले तरी पावती फाडायची आहे का? वजनपावतीच्या बाबतीत क्रमांक बाहेर जातो, फोनवर सांगितला जातो आणि इंटरनेट गेले म्हणून ट्रक उभा ठेवता येत नाही. काटेकोर क्रमाची गरज मात्र नसते, कारण वजनाची वेळ नोंदीत वेगळी असतेच.

टाळायच्या पद्धती

साठ्यात किती नोंदी आहेत ते मोजून त्यात एक मिळवणे ही पहिली चुकीची पद्धत. मधली एक नोंद पुसली की एकूण संख्या कमी होते आणि पुढचा क्रमांक आधीच कोणाला तरी दिलेला निघतो. सर्वांत मोठा क्रमांक वाचून, त्यात एक मिळवून परत लिहिणे ही दुसरी. सावद्याच्या प्रोग्रॅमने ४०१ वाचले आणि तो लिहिणार तेवढ्यात रावेरच्या प्रोग्रॅमनेही ४०१ वाचले, तर दोघेही ४०२ हाच क्रमांक घेतात. यातली खरी मेख अशी की नोंद लिहिणारी एचसेट ही आज्ञा आधीच्या नोंदीवर मुकाट्याने दुसरी लिहिते. कोणतीही चूक दिसत नाही, लॉगमध्ये काही उमटत नाही, फक्त एका शेतकऱ्याचे वजन दुसऱ्याच्या वजनाखाली गाडले जाते.

मिलिसेकंदांतली वेळ हाच क्रमांक धरणे हेही तितकेच कच्चे आहे, कारण दोन यंत्रांवर एकच मिलिसेकंद येऊ शकतो आणि घड्याळ दुरुस्त झाले की वेळ मागेही जाते. रेडिसऐवजी आपल्याच प्रोग्रॅमच्या मेमरीत ऑब्जेक्ट ठेवणारे काही जण ऑब्जेक्टचा मेमरीतील पत्ता ओळख म्हणून वापरतात. तो पत्ता ऑब्जेक्ट जिवंत असेपर्यंतच एकमेव असतो. ऑब्जेक्ट नाहीसा झाला की तीच जागा दुसऱ्याला मिळते, आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू केल्यावर तर जुन्या पत्त्याला काही अर्थच उरत नाही.

मोजणीची आज्ञा

रेडिसमधील इन्कर ही आज्ञा दिलेल्या किल्लीतील संख्या एकाने वाढवते आणि वाढलेली संख्या परत देते. किल्ली अस्तित्वात नसेल तर ती शून्य धरली जाते, म्हणून पहिल्याच हाकेला १ मिळतो. वाचणे, वाढवणे आणि लिहिणे हे तिन्ही एकाच आज्ञेत होते, आणि रेडिस आज्ञा एकामागून एक एकाच धाग्यात (थ्रेडमध्ये) चालवत असल्यामुळे मध्ये दुसरे कोणी शिरू शकत नाही. सहाव्या आवृत्तीपासून नेटवर्कवरच्या वाचन-लेखनासाठी जास्तीचे धागे वापरता येतात, पण आज्ञा चालवणारा धागा एकच राहिला आहे. त्यामुळे चारही काट्यांवरून एकाच क्षणी हाक आली तरी चौघांना चार वेगळे आकडे मिळतात.

ही मोजणी चिन्हासह ६४ बिटांची असते आणि तिची कमाल मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ आहे. सेकंदाला एक लाख क्रमांक वाटले तरी ते संपायला सुमारे २९ लाख वर्षे लागतील, आणि मर्यादेला पोचल्यावरही आकडा फिरून शून्यावर येत नाही, तर रेडिस चूक कळवतो. जावास्क्रिप्टमध्ये मात्र ९००७१९९२५४७४०९९१ याच्या पुढे पूर्णांक अचूक राहण्याची खात्री नाही. साध्या मोजणीत तिथवर आपण जात नाही, पण पुढे येणाऱ्या स्नोफ्लेक पद्धतीचे आकडे तिथे सहज पोचतात. ते ब्राउझरकडे संख्या म्हणून न पाठवता मजकूर म्हणून पाठवावेत.

एक बारीक गोष्ट मराठी प्रोग्रॅमरांनी लक्षात ठेवावी. या लेखात आकडे देवनागरीत छापले असले तरी रेडिसच्या किल्लीत '४०१' असे देवनागरी अंक साठवून इन्कर दिले तर ही पूर्णांक संख्या नाही असे सांगून तो नकार देतो. साठवताना इंग्रजी अंक आणि छापताना देवनागरी, असा व्यवहार ठेवावा.

किल्ल्यांची नावे आणि नोंद लिहिणे

मोजणीसाठी 'मोजणी:पावती' आणि नोंदींसाठी 'पावती:४०२' अशी दोन वेगळी कुळे ठेवावीत. मोजणीची किल्ली 'पावती:मोजणी' अशी ठेवली तर 'पावती:' ने सुरू होणाऱ्या सगळ्या किल्ल्या चाळणारा प्रोग्रॅम मोजणीलाही पावती समजतो, आणि जुन्या पावत्या पुसण्याचे काम रात्री चालते तेव्हा मोजणीही त्यात जाते.

रेडिसला किल्लीत कोणतेही बाइट चालतात, म्हणून मराठी नावे देता येतात. तरी प्रत्यक्ष कामात मी एक-दोन रोमन अक्षरांचे उपसर्ग वापरतो आणि इथे केवळ वाचायला सोपे जावे म्हणून मराठी नावे लिहिली आहेत. यूटीएफ-आठमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे 'पावती' एवढ्याला १५ बाइट लागतात, पण ते कारण किरकोळ आहे. खरे कारण कळफलकात आहे: 'शेतकऱ्या'मधला अर्धा र दोन वेगळ्या चिन्हक्रमांनी टंकता येतो, पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात आणि रेडिसच्या दृष्टीने त्या दोन निराळ्या किल्ल्या असतात. एका काट्यावरचा कळफलक बदलला की नोंदी हरवल्यासारख्या वाटतात आणि दोष कुठे आहे ते डोळ्यांना दिसत नाही.

क्रमांक मिळाल्यावर एचसेटने नोंद लिहायची. क्रमांक घेतला आणि नोंद लिहिण्याआधी प्रोग्रॅम कोसळला तर तो आकडा वाया जातो. जाऊ द्यावा. ओळखक्रमांकात खाडे असणे हा दोष नाही, आणि वाया गेलेला आकडा परत वापरण्याची खटपट करणारा कोड हाच पुढे दुबार क्रमांकाचे मूळ ठरतो. बिलाचा क्रमांक ही मात्र वेगळी वस्तू आहे. जीएसटी नियमांनुसार तो सलग, जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. तो बिल पक्के होताना हिशेबाच्या डेटाबेसमध्ये द्यावा. ओळखक्रमांकावर ते ओझे टाकू नये.

मल्टी आणि एक्झेक या आज्ञांच्या मध्ये अनेक आज्ञा एकत्र चालवणाऱ्या व्यवहारात इन्कर व एचसेट एकत्र बांधू पाहणाऱ्यांची निराशा होते, कारण इन्करचे उत्तर एक्झेक झाल्यावरच हाती येते आणि त्याआधी किल्लीचे नाव तयार करता येत नाही. एकत्र करायचेच असेल तर लुआ स्क्रिप्ट, म्हणजे लुआ भाषेतला रेडिसच्या आतच चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहावी. ती पूर्ण होईपर्यंत दुसरी आज्ञा चालत नाही. रेडिस क्लस्टरमध्ये, म्हणजे अनेक यंत्रांवर वाटलेल्या रेडिसमध्ये, किल्ल्या १६३८४ खणांत विभागलेल्या असतात आणि स्क्रिप्टमधल्या सर्व किल्ल्या एकाच खणात असाव्या लागतात, म्हणून तिथे नावातला समान भाग महिरपी कंसात घालावा किंवा दोन्ही आज्ञा सुट्या द्याव्यात. चार काट्यांच्या कामाला क्लस्टर लागत नाही हेही खरे.

क्रमांक एकमेव, पण पावती दोनदा

कारकुनाने बटण दाबले, रेडिसने ४८३७ हा क्रमांक दिला, नोंदही लिहिली, आणि उत्तर परत येताना मोबाइलचे नेटवर्क गेले. काट्यावरच्या प्रोग्रॅमला काहीच कळले नाही, म्हणून त्याने तीच विनंती पुन्हा पाठवली आणि त्याला ४८३८ मिळाला. दोन्ही क्रमांक एकमेव आहेत, तरीही एकाच ट्रकचे वजन दोनदा लागले. काही क्लायंट लायब्ररी जोडणी तुटल्यावर आज्ञा स्वतःहून पुन्हा पाठवतात, त्यामुळे हे घडायला कारकुनाने दुसऱ्यांदा बटण दाबण्याचीही गरज नसते.

यावर उपाय म्हणजे विनंतीलाच एक यादृच्छिक खूण द्यावी, आणि ती बटण दाबण्याच्या क्षणी काट्यावरच्या संगणकात तयार करावी. लुआ स्क्रिप्टने आधी 'विनंती:' या कुळात ती खूण शोधायची. सापडली तर तिच्यापुढे लिहिलेला जुना क्रमांकच परत द्यायचा. न सापडल्यास मोजणी वाढवायची, नोंद लिहायची, खुणेपुढे क्रमांक लिहायचा आणि त्या खुणेला दोन दिवसांची मुदत लावायची. मुदत फक्त खुणेला लावावी, मोजणीच्या किल्लीला कधीही नाही.

मोजणी मागे जाते तेव्हा

मे-जूनमध्ये आपल्या भागात वादळ सुटले की केळीच्या बागा आडव्या होतात, आणि त्याच वेळी वीजही जाते. रेडिस मेमरीत चालतो. डिस्कवर काय आणि केव्हा जाते हे त्याच्या मांडणीवर अवलंबून असते. मूळ मांडणीत फक्त ठरावीक वेळाने पूर्ण प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, लिहिली जाते: अलीकडच्या आवृत्त्यांत एका तासात किमान एक, पाच मिनिटांत किमान १०० किंवा एका मिनिटात किमान १०००० बदल झाले तर. चार काट्यांवर पाच मिनिटांत १०० बदल दरवेळी होतीलच असे नाही.

समजा, शेवटची प्रत लिहिली तेव्हा मोजणी ४८१० होती, नंतर २७ पावत्या फाटल्या आणि ४८३७ वर असताना वीज गेली. वीज आल्यावर रेडिस ४८१० पासून सुरू होतो आणि पुढच्या ट्रकला ४८११ देतो. तो क्रमांक निंभोऱ्याच्या एखाद्या शेतकऱ्याच्या खिशात आधीच आहे. रेडिसच्या आत मात्र सगळे सुरळीत दिसते, कारण ४८११ ते ४८३७ या नोंदीही मोजणीबरोबर नाहीशा झाल्या आहेत. तक्रार येते ती पैसे देण्याच्या दिवशी, जेव्हा दोन माणसे एकच क्रमांक दाखवतात.

क्रमांक आणि नोंद दोन्ही फक्त साठ्यातच राहत असतील, तर दोन्ही एकत्र मागे जातात आणि कोणाचे काही बिघडत नाही. चालू सत्रांची किंवा तात्पुरत्या कामांची यादी अशी असते. क्रमांक साठ्याबाहेर पडला की मात्र साठ्याची स्मृती ही बाहेरच्या जगापेक्षा कधीही कमी असता कामा नये.

पहिला उपाय म्हणजे प्रत्येक बदल फाइलच्या शेवटी लिहिणारी एओएफ पद्धत चालू करणे. ती मूळ मांडणीत बंद असते. तिच्यात 'दर सेकंदाला' हा पर्याय ठेवला तर वीज गेल्यावर साधारण सेकंदभराचे बदल जाऊ शकतात, आणि 'नेहमी' हा पर्याय ठेवला तर डिस्कवर लिहून झाल्याशिवाय उत्तरच मिळत नाही. वजनपावत्यांच्या वेगाला 'नेहमी' सहज परवडते, तेव्हा इथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

दुसरा उपाय पहिल्याच्या जोडीला ठेवावा. साठा सुरू झाल्यावर, काट्यांना जोडणी देण्याआधी, कायमस्वरूपी डेटाबेसमधला सर्वांत मोठा पावतीक्रमांक वाचावा, त्यात हजारभराची उडी मिळवावी आणि मोजणी त्याहून कमी असेल तरच तिथवर चढवावी. ही तुलना आणि चढवणे एकाच लुआ स्क्रिप्टमध्ये करावे. साध्या सेटने आकडा लिहिला तर एखाद्या दिवशी तीच स्क्रिप्ट चालू साठ्यावर चालवली जाईल आणि मोजणी मागे ओढेल.

तिसरा मार्ग म्हणजे दर सुरुवातीला वाढणारा एक पिढीक्रमांक डेटाबेसमध्ये ठेवून तो ओळखक्रमांकाच्या पुढे लावणे, जसे ७-४८११. मग मोजणी मागे गेली तरी पिढी बदललेली असते. फोनवर सांगायला तो लांब पडतो, म्हणून पावतीला मी उडीचाच मार्ग पसंत करतो.

दुसऱ्या यंत्रावर प्रतिकृती ठेवली म्हणजे सुटलो, हा समज खोटा आहे. रेडिसची प्रतिकृती मुख्य यंत्रामागून लिहिली जाते. मुख्य यंत्र पडून प्रतिकृतीला बढती मिळते तेव्हा शेवटचे काही बदल तिच्यापर्यंत पोचलेले नसू शकतात. वेट या आज्ञेने प्रतिकृतीच्या पोचीची वाट पाहता येते, त्यामुळे धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. अशा बदलानंतरही उडी मारावीच.

मेमरी भरल्यावर काय पुसायचे याचे धोरणही तपासावे. मूळ धोरणात रेडिस काही पुसत नाही, फक्त नवे लिहायला नकार देतो. पण तोच साठा कॅशसाठी, म्हणजे तात्पुरत्या प्रती ठेवण्यासाठी, वापरायला घेऊन कोणी 'सर्वांत जास्त दिवसांत न वापरलेली कोणतीही किल्ली पुसावी' असे धोरण लावले, तर कापणी थंडावलेल्या आठवड्यांत हात न लागलेली मोजणीच सर्वांत जुनी ठरते. मेमरीची मर्यादा संपूर्ण रेडिसला लागते, त्यातल्या क्रमांकित डेटाबेसांना वेगवेगळी नाही, म्हणून मोजणीसाठी रेडिसची स्वतंत्र प्रक्रियाच चालवावी. कोणीतरी कॅश साफ करायला दिलेल्या फ्लशऑल आज्ञेपासूनही ती त्यामुळे वाचते.

इंटरनेट नसलेला काटा

इथे जुनीच रीत कामाला येते: प्रत्येक काट्याला शंभर पानांचे छापील पावतीपुस्तक द्यावे तसा शंभर क्रमांकांचा गठ्ठा द्यावा. इन्करबाय या आज्ञेने मोजणी एकदम १०० ने वाढवायची. उत्तर ५२०० आले तर ५१०१ ते ५२०० हे क्रमांक त्या काट्याचे झाले. गठ्ठ्याची टोके आणि पुढचा क्रमांक काट्यावरच्या संगणकाच्या डिस्कवर आधी लिहावा आणि मगच पावती छापावी. क्रम उलटा केला तर वीज गेल्यावर तोच क्रमांक दुसऱ्यांदा छापला जाईल. गठ्ठ्यात वीसेक क्रमांक उरले की पुढचा मागून ठेवावा. सुरुवातीच्या उडीचा हिशेब करताना मात्र डेटाबेसमध्ये अजून न पोचलेले गठ्ठे धरावेत, म्हणजे उडी सर्व काट्यांच्या गठ्ठ्यांच्या बेरजेपेक्षा मोठी असावी.

यादृच्छिक क्रमांक कधी

मोजणीशिवायही ओळख तयार करता येते. यूयूआयडी, म्हणजे सर्वत्र एकमेव राहावा असा ओळखक्रमांक, याच्या चौथ्या प्रकारात १२२ बिट यादृच्छिक असतात आणि कोणालाही न विचारता तो कुठेही बनतो. मे २०२४ मध्ये प्रमाणित झालेल्या सातव्या प्रकारात सुरुवातीचे ४८ बिट मिलिसेकंदांतील वेळेचे असल्याने तो साधारण काळाच्या क्रमाने लागतो; युलिडची कल्पनाही तीच, पण २६ अक्षरांत. ट्विटरने २०१० मध्ये आणलेल्या स्नोफ्लेकमध्ये ४१ बिट वेळ, १० बिट यंत्रक्रमांक आणि १२ बिट मोजणी असते, म्हणजे एका यंत्राला मिलिसेकंदाला ४०९६ क्रमांक. तिथे यंत्रक्रमांक कोणी वाटायचे आणि घड्याळ मागे गेले तर काय करायचे, हे दोन प्रश्न पुन्हा आपल्याच गळ्यात येतात.

पावतीचा दुवा क्यूआर कोडने शेतकऱ्याला देणार असाल तर त्या दुव्यात ४८३७ घालू नये. शेजारच्याचा भाव पाहायला ४८३८ टाकून बघणारा कोणीतरी निघतोच. दुव्यासाठी वेगळी यादृच्छिक खूण वापरावी आणि परवानगीची तपासणी तरीही ठेवावी. आतल्या संबंधांसाठी मात्र लहान पूर्णांकच बरा: फक्त पूर्णांक असलेला लहान संच रेडिस फार दाटीने साठवतो, ३६ अक्षरांचे मजकूर भरले की ती बचत जाते.

फोनवर ओळखक्रमांक सांगताना 'सत्तेचाळीस'चे 'चौऱ्याहत्तर' होते, म्हणून छापताना शेवटी एक तपास-अंक जोडावा. लून पद्धतीने ४८३७ चा तपास-अंक १ येतो, पावतीवर ४८३७१ छापले जाते, आणि कोणी ८४३७१ टंकले तर प्रोग्रॅम तिथेच अडवतो. ही पद्धत एक अंक चुकल्यास नेहमी पकडते, आणि शेजारच्या अंकांची अदलाबदल ०९ व ९० ही जोडी सोडून सगळी पकडते.

चाचणी

अनेक प्रक्रिया एकाच वेळी चालवून प्रत्येकीला १०००० क्रमांक घ्यायला लावावेत, ते सगळे एसॲडने एका संचात टाकावेत आणि एसकार्डने मोजावे. संख्या भरली पाहिजे. इन्कर वापरले असेल तर ही चाचणी उत्तीर्ण होतेच, म्हणून तिच्यावर समाधान मानू नये. दुसऱ्या चाचणीत मिळालेला प्रत्येक क्रमांक दुसऱ्या यंत्रावरच्या फाइलीत लिहीत राहावे आणि मध्येच रेडिस बंद पाडून पुन्हा सुरू करावा. प्रक्रिया सक्तीने मारणे याला पुरत नाही, कारण लिहिलेला मजकूर तोवर ऑपरेटिंग सिस्टिमच्या हाती गेलेला असतो आणि बहुतेक वेळा वाचतो. चाचणीच्या यंत्राचा प्लगच काढावा लागतो. लॅपटॉपवर ही चाचणी करणाऱ्याने बॅटरी आधी काढून ठेवावी.

एक मागणी हिशेबनिसांकडून हमखास येते: १ एप्रिलला पावत्या पुन्हा १ पासून सुरू करा. मोजणीला हात लावू नये. छापताना वर्षाच्या सुरुवातीचा आकडा वजा करून आणि पुढे वर्ष लावून त्यांना हवा तसा क्रमांक दाखवता येतो, आणि साठ्यातली मोजणी ३१ मार्चला जिथे थांबली तिथूनच पुढे चालू राहते.